राजेशम मास्तरांचा गुरू ग्रह

कोणतंही चित्र समोर आलं की राजेशम मास्तर एकच प्रश्न विचारायचे, "किती घरांचं?" चित्र कशाचं आहे, चांगलं आहे की वाईट, हे नंतर. लग्नाचा अल्बम, दवाखान्यातला एक्स-रे, कॅलेंडरवरचा गणपती, सगळ्यांना हाच प्रश्न. मतदार ओळखपत्र हातात पडलं तेव्हा त्यांनी खिशातलं भिंग काढून स्वतःचा फोटो तपासला आणि टेबलापलीकडच्या बाईंना सांगितलं, "माझं नाक सहाच घरांत बसवलंय. ह्याच्यावरनं मला कोण वळखणार?" बाईंनी पुढच्या माणसाला बोलावलं.

घर म्हणजे ग्राफ पेपरवरचा एक चौकोन. सोलापूरच्या पूर्व भागात मास्तरांनी चाळीसहून जास्त वर्षं चादरींचे ग्राफ मारले. नक्षी आधी चौकोनांच्या कागदावर रंगवायची, एका चौकोनात एकच रंग. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. पट्ट्या मागाच्या डोक्यावर चढवल्या की कोणता दोरा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे मागाला कळतं. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. शाळेत ते सातवीपर्यंत विद्यार्थी म्हणून गेले होते, तेवढंच.

मी पाटबंधारे खात्यात पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो. आमची घरं एका गल्लीत, मध्ये दोन घरं सोडून. माझ्याबद्दल एवढं पुरे.

ग्रहांचं प्रकरण एका रविवारच्या पेपरमुळे सुरू झालं. एका धूमकेतूजवळ जाऊन यानाने काढलेला फोटो त्यात छापला होता. मास्तर पेपर घेऊन आमच्या ओट्यावर आले.

"साहेब, ह्ये आल्याचा गड्डा हाय का?"

"धूमकेतू आहे मास्तर."

"शेपूट कुटाय?"

"जवळून असाच दिसतो म्हणे."

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. "ह्याला चादरीवर गिऱ्हाईक न्हाय," ते म्हणाले. मग, "किती घरांचं?"

मला माहीत नव्हतं. जे माहीत नसतं ते शोधून सांगायची मला सवय आहे. त्या आठवड्यात मी यानांचे फोटो कसे येतात ते वाचलं आणि पुढच्या रविवारी मास्तरांना सांगितलं. यान पृथ्वीकडे चित्र पाठवत नाही, आकडे पाठवतं. एकेका घराचा एकेक आकडा, किती उजेड आणि किती अंधार याचा. ओळीमागून ओळ येते. इथली माणसं ते आकडे घरांत भरतात. मंगळाजवळून फोटो पाठवणाऱ्या पहिल्या यानाचं चित्र दोनशे ओळींचं होतं, एका ओळीत दोनशे घरं.

"दोनशे?" मास्तर म्हणाले. "आमचा टावेल बी ह्याच्यापेक्षा बारीक आसतो."

मग मी पुढचं सांगितलं. ते आकडे आले तेव्हा यंत्रावर चित्र तयार व्हायला वेळ लागणार होता. तिथल्या माणसांना दम निघेना. त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या, कोणत्या आकड्याला कोणता रंग ते ठरवलं, आणि हाताने खडूचे रंग भरून मंगळ काढला.

मास्तरांनी कप उचलला. चहा बशीत ओतला, तो तसाच राहिला. शेवटी म्हणाले, "म्हंजे ग्राफच मारला की त्येंनी."

"तसंच म्हणायचं."

"मग आमच्यातलीच माणसं हायत ती."

त्या दिवसापासून यान पाठवणाऱ्या सगळ्या देशांच्या सगळ्या शास्त्रज्ञांना ते आपल्या धंद्यातले समजू लागले. कुठलं यान बिघडल्याची बातमी आली की ते "पट्टी अडकली आसंल" म्हणायचे आणि त्यांना खरंच वाईट वाटायचं.

रंगांबाबत मात्र ते या मंडळींवर नाराज होते. मी एकदा दूरच्या ताऱ्यांमधल्या ढगांचा एक गुलाबी-निळा फोटो दाखवला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की यातले बरेच रंग नंतर भरलेले असतात, डोळ्याला तसे दिसणार नाहीत.

"भरू देत," मास्तर म्हणाले. "आमी बी भरतो. मोर कुटं जांभळा आसतो? पण जांभळा मोर आमी मोर म्हणून इकतो, फोटू म्हणून न्हाय."

त्यांच्या पत्नी अनसूयाक्का दारात विड्या वळत बसायच्या. त्यांना हे सगळं ऐकू जायचं. "साहेब, तुमी ह्यांना नादी लावू नका," त्या म्हणायच्या. "पंधरा दिवस झाले, नळाचा वायसर बदलायचाय. शनीच्या कड्या मोजायला टाईम हाय."

"वायसर एकच हाय, कड्या लई हायत," मास्तर म्हणायचे.

हे चाललं होतं तोवर मास्तरांचं खरं काम संपत आलं होतं. नक्षी आता कॉम्प्युटरवर होते. भोकांच्या पट्ट्या कोणी वापरत नाही. मास्तर ज्या कारखान्यात होते त्याचे मालक मल्लिनाथ शेठ. शेठकडे पट्ट्यांवर चालणारे बारा माग होते. त्यातले अकरा मोडीत गेले. बाराव्यावर मास्तर बसून होते. म्हणजे शेठ तो विकायला काढायचे आणि मास्तर काहीतरी काम आणून तो चालू ठेवायचे. कधी देवळाची शाल, कधी एखाद्या मंडळाचं भिंतीवर लावायचं विणलेलं चित्र.

"मास्तर, ह्यो माग जागा खातोय," शेठ म्हणायचे. त्यांच्या घरी कानडी, कारखान्यात मराठी, आणि राग आला की दोन्ही. "अय्यो, माणसानं किती दिवस ऐकायचं?"

"शेठ, ह्यो गेला की मी बी घरी. मग मला घरनं ऐकावं लागंल."

शेवटी शेठनी सांगून टाकलं. दिवाळीच्या आधी भंगारवाला येणार. तोवर मोठं काम मिळालं तर माग राहील, नाही तर नाही. मोठं म्हणजे वर्षभर पुरेल असं.

ते मास्तरांनी मिळवलं, किंवा मिळत आणलं. बार्शीच्या एका शाळेत विज्ञानाचं नवं दालन होणार होतं. तिथल्या मुख्याध्यापिका बाई कोणाच्या तरी लग्नाला सोलापुरात आल्या होत्या. मास्तरांनी त्यांना मांडवातच गाठलं आणि भिंतीवर लावायला विणलेले आठ ग्रह देऊ केले, यानांनी काढलेल्या फोटोंवरून. बाईंना कल्पना आवडली. आधी तीन करून आणा, त्या म्हणाल्या. शुक्र, शनी, गुरू. पसंत पडले तर आठही, आणि संस्थेच्या दुसऱ्या दोन शाळांनाही तसेच.

आठ ग्रह, तीन शाळा, चोवीस चित्रं. शेठनी मागाला तेल दिलं.

इथे चादरीचं एक सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. चादरीची नक्षी अर्धीच काढतात. मास्तरांच्या मागाला दोनशे चाळीस हुक होते आणि प्रत्येक हुकाला दोन दोरे बांधलेले, एक उजवीकडचा, एक डावीकडचा, मध्यापासून सारख्याच अंतरावर. हुक उचलला की दोन्ही उचलले जातात. उजवीकडे मोर काढला की डावीकडे त्याच्याकडे तोंड करून दुसरा मोर आपोआप येतो. "आर्दं आपुन काढायचं, उरल्यालं आर्दं मागानं," मास्तर म्हणायचे. त्यांनी चाळीस वर्षं अर्धं काढलं आणि प्रत्येक वेळी पूर्ण मिळालं.

शुक्र आणि शनी त्यांनी एकट्याने उरकले. गुरूच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांमध्ये फार बारकावे होते म्हणून त्यांनी मला तपासायला बोलावलं. "फोटू मोठा छापून आणा," ते म्हणाले. "आर्दाच आणा. बुट्टा हाय त्या बाजूचा." बुट्टा म्हणजे नक्षीतलं सुटं फूल. गुरूवर जो मोठा तांबडा डाग आहे, ते एक फिरतं वादळ आहे, त्याला ते बुट्टा म्हणत. मी ऑफिसातून उजवा अर्धा भाग छापून आणला. शाई निम्मीच लागली याचं मला समाधानही वाटलं.

सहाशे ओळी, ओळीला दोनशे चाळीस घरं. एक लाख चव्वेचाळीस हजार. रविवारी सकाळी मास्तर ग्राफवरून वाचायचे, "तीन पांढरी, सात तपकिरी, दोन पिवळी," आणि मी छापील फोटोवर चौकोनांचा पारदर्शक कागद ठेवून पडताळायचो. एका रविवारी साठ ओळी. दहा रविवार लागले. सतरा चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. दहाव्या रविवारी मी कागदाच्या कोपऱ्यात 'तपासले' लिहून सही केली. आज मी खात्रीने सांगतो की त्या ग्राफमध्ये एकही घर चुकलेलं नव्हतं.

कापड मागावरून उतरलं त्या दिवशी मला शेठचा फोन आला. मी गेलो तेव्हा गुरू भिंतीला लावलेला होता आणि शेठ त्याच्यासमोर हात जोडल्यासारखे उभे होते.

"साहेब, बघा की! कसा बघतोय आपल्याकडं!"

तो खरंच बघत होता. गुरूला दोन तांबडे डाग होते. एक उजवीकडे, एक डावीकडे, एका उंचीवर, सारखे. त्याला चेहरा आला होता.

मी जवळ गेलो. मला आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मास्तर खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "साहेब, आख्खा फोटू दावा." मी मोबाईलवर अख्खा फोटो काढून दिला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि मोबाईल परत दिला.

"एकच हाय," ते म्हणाले.

"एकच आहे मास्तर."

"मला म्हाईत होतं की. पेपरात शंभर येळा बघितलाय. पण ग्राफला बसलो की..." त्यांनी हाताने उजवीकडून डावीकडे एक हालचाल केली. "बुट्ट्याला जोडीदार आसतोच."

शेठना सगळं समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. समजल्यावर ते म्हणाले, "मग काय झालं? दोन दिलेत, एक काय कमी न्हाय दिला. तितं कोण जाणार हाय बघायला?"

"गेलं होतं की ते यान. मधी किती वर्षं घालवून गेलं. त्येंनी एकेक घर तिथनं पाठवलं, आन आपुन हितं बसून दुसरा डाग लावायचा?"

"मास्तर, बाईंना कळणार न्हाय."

"न्हाय कळणार."

"माग जाईल."

"व्हय," मास्तर म्हणाले.

ते बार्शीला निघाले तेव्हा अक्कांनी मला सोबत पाठवलं. तिन्ही कापडं एका पोत्यात गुंडाळून एसटीत चढवली. कंडक्टर म्हणाला, "ह्यात काय हाय?"

"ग्रह," मास्तर म्हणाले.

"किती?"

"तीन."

"वर ठेवा."

शाळेच्या ऑफिसात बाईंनी तिन्ही कापडं टेबलावर पसरून घेतली. त्या खूश झाल्या. गुरूवर त्यांनी हात फिरवला, ऊब बघितल्यासारखा. "मास्तर, फारच सुंदर. पुढचे पाच कधी देता?" असं म्हणून त्यांनी लेटरहेड ओढलं.

लेटरहेड ओढलेलं मी पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. त्यांनी घसा साफ केला.

"बाई, ह्यात एक चूक हाय."

"कुठे?"

"बघा की."

बाईंनी बघितलं. चष्मा लावून बघितलं. "मला नाही दिसत," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी डाव्या डागावर बोट ठेवलं. "ह्यो तितं न्हाय. ह्यो मागानं घातलाय." आणि त्यांनी हुक, दोरे, अर्धी नक्षी, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांची नजर शेजारच्या शनीवर गेली आणि ते थांबले. शनीची सावली त्याच्या मागच्या कड्यांवर पडते. ती एका बाजूला पडते. आमच्या शनीची दोन्ही बाजूंना पडली होती.

"साहेब," ते मला म्हणाले, "ह्याला दोन सूर्य लागतील."

बाई शास्त्राच्या पदवीधर होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग शुक्र?"

"शुक्रावर नुसते ढग हायत. तिथं बी काय आसंल, पण मला दिसलं न्हाय."

"शुक्र तर टॉवेलसारखा दिसतोय हो," बाई म्हणाल्या. वाईट हेतूने नाही, तो दिसत होताच. "बरं, या मागावर आठांतले बरोबर किती होतील?"

मास्तरांनी बोटांवर मोजलं. बुधावर खड्डे, पृथ्वीवर देश, मंगळावर डाग. नेपच्यूनला यान गेलं तेव्हा एक काळा डाग होता, नंतर तो नाहीसा झाला, पण फोटोत आहे. "शुक्र आन युरेनस," ते म्हणाले. "युरेनस नुसता निळा हाय. तो मी चादरीच्या टोकाला उरल्याल्या जागंत बी इणून दीन."

"आणि बाकीचे बरोबर करायचे तर?"

"दोऱ्या सगळ्या सोडून परत बांधायच्या. पण हुक तेवढेच. मग घरं निम्मी हुत्यात. चित्र जाडंभरडं येतं."

"जाडंभरडं मला कसं चालेल? मुलं जवळून बघणार."

ते बरोबर होतं. बाईंनी आम्हाला चहा दिला, पोहे दिले, आणि कापडं नीट घडी करून परत दिली. परतीच्या एसटीत मास्तर खिडकीशी बसले. मी त्यांना म्हणालो की चूक माझीही आहे, मी सही केली होती. "तुमी घरं तपासलीत. घरं बरोबर हायत," ते म्हणाले. मग वैरागच्या अलीकडे, एवढंच, "आदीच इचारायला पायजे होतं मी सोताला, ह्ये आर्द्यावरनं हुईल का म्हणून."

मला वाटलं, हे इथे संपलं. दुसऱ्या दिवशी मास्तर शेठकडे गेले आणि भंगारवाला येईपर्यंतचे दिवस मागून घेतले. सव्वीस दिवस होते.

"कशाला?" शेठ म्हणाले.

"दोऱ्या सोडून परत बांधतो. एक गुरू इणायचाय."

"अय्यो, गिऱ्हाईक कुटाय?"

"न्हाय."

"मग?"

"ह्या मागावरनं शेवटी उतरल्यालं कापड चुकीचं आसू ने, शेठ."

शेठ कानडीत बरंच काही बोलले. मग सूत कुठलं घ्यायचं ते सांगितलं आणि वीज बंद केली नाही.

मास्तरांनी चारशे ऐंशी दोरे एकट्याने सोडले आणि परत बांधले, शेजारचे दोन-दोन एका हुकाला. त्यांचे गुडघे आखडायचे, तेव्हा अक्का कारखान्यात येऊन विड्यांचं सूप मांडीवर घेऊन शेजारी बसायच्या आणि तिथूनच तोंड सोडायच्या. "ह्या वयात दोऱ्या बांधतोय. नळ अजून गळतोय."

यावेळी मी अख्खा फोटो छापून आणला. तीनशे ओळी, ओळीला दोनशे चाळीस घरं, बहात्तर हजार. रविवार पुरले नसते म्हणून मी ऑफिसला रजा टाकली. रजेचं कारण 'घरगुती' लिहिलं. नऊ चुका सापडल्या.

दिवाळीनंतर मास्तर आणि अक्का मुलीकडे मोडनिंबला राहायला गेले. पुढच्या उन्हाळ्यात मास्तर तिथेच वारले. मला दोन दिवसांनी कळलं. तो गुरू अक्कांकडे आहे. मला मास्तर आठवतात ते कापड उतरलं त्या सकाळचे.

सव्विसाव्या दिवशी दहाच्या सुमाराला त्यांनी कापड कापून काढलं. जवळून ते काहीच दिसत नव्हतं. तपकिरी, पांढरे, पिवळे ठोकळे, आणि खाली उजवीकडे तांबड्या ठोकळ्यांचा एक ढीग.

"हे काय, मोरीची फरशी?" शेठ म्हणाले.

"धरा," मास्तर म्हणाले.

एक टोक शेठनी धरलं, एक मी. कारखान्याच्या दारात आम्ही ते ताणून उभे राहिलो. मास्तर आमच्याकडे तोंड करून गल्लीत मागे मागे जाऊ लागले. मी सवयीने पावलं मोजत होतो. तीस पावलांवर चहाची टपरी आली. तिथे ते थांबले, मान तिरकी केली, परत चालू लागले. एका रिक्षावाल्याने त्यांना वळसा घालून शिवी दिली.

"मास्तर, कुटं निघालाय?" शेठ ओरडले. "हात भरून आले की!"

"जरा थांबा शेठ! आजून घरंच दिसत्यात!"

पन्नास. साठ. टपरीवरची दोन माणसं उठून त्यांच्याजवळ गेली आणि ते काय बघताहेत ते बघायला वळली. त्यातल्या एकाने कपाळावर हात धरला आणि दुसऱ्याला काहीतरी दाखवलं. अडुसष्टाव्या पावलाला मास्तर थांबले. तेवढ्या लांबून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि माझ्या हातातलं कापड मला दिसत नव्हतं.

त्यांच्या मागे भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. त्याने हॉर्न दिला, मग परत दिला. मास्तर रस्त्याच्या मधोमध होते. त्यांनी वळून न बघता हात वर करून टेम्पोला थांबवलं, आणि आणखी एक पाऊल मागे घेतलं.